जरा हसून दाखवा, काका!

ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात किस्से शोधत हिंडावं लागत नाही. माणसाला एकदा आडवं केलं, सुया टोचल्या, पडदा ओढला आणि ‘आता हलायचं नाही’ म्हणून बजावलं, की त्याच्याकडे वापरण्याजोगा एकच अवयव उरतो. जीभ! बंगाली माणसाची ती आधीही मोकळीच असते, हा भाग वेगळा.

माझा दवाखाना बेहालाला. तीन कॉट, मधे पडदे, बाहेर काही खुर्च्या आणि त्या सगळ्यावर राज्य करणारी माझी असिस्टंट मिताली. मी जन्मले, वाढले कोलकात्यातच. घरात मराठी, दारात बंगाली, टॅक्सीत हिंदी अशी भाषांची वाटणी. इतकी वर्षं लोकांना टोचतेय, पण मैत्रिणी भेटल्या की एकही विचारत नाही, ‘मेधा, किती जण बरे झाले?’ विचारतात, ‘मेधा, नवीन काय?’

नवीन काय, तर नवीन पेशंट! जुन्या पेशंटला सगळं माहीत असतं. नवा येताना शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले आणि स्वतःची अक्कल अशा दोन पिशव्या घेऊन येतो.

एक बाई तर पहिल्याच दिवशी स्वतःच्या सुया घेऊन आल्या. शिवणाच्या! घरून उकळून, स्वच्छ रुमालात गुंडाळून. ‘दुसऱ्याची सुई नको हो, हल्ली काय काय रोग निघालेत!’

मी त्यांना माझी सीलबंद पाकिटं दाखवली. एकदा वापरली की सुई फेकून देतो, कोणाची कोणाला लागत नाही, हे सांगितलं. एक सुई काढून हातात दिली. केसाएवढी बारीक. बाईंनी चष्मा लावून ती नीट निरखली, मग आपल्या रुमालाकडे पाहिलं आणि माझी कीव येऊन म्हणाल्या, ‘एवढ्याशानं काय होणार? राहू दे, माझ्याच घ्या!’

रुमालात एक गोधडी शिवायचं दाभणही होतं. ‘कंबर जरा जास्त दुखते ना,’ म्हणाल्या.

*

हा किस्सा मी ज्याला ज्याला सांगितला तो हसला. एक माणूस सोडून. आणि नेमकं त्याच माणसाला हसवणं हे माझं काम होतं!

त्यांचं नाव खांबेटेकाका. केंद्र सरकारच्या ऑडिट खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. गावोगाव बदल्या होत होत कोलकात्याला आले आणि पुढं सॉल्ट लेकमध्येच राहिले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी फ्रॉक घालून नाचायचे तेव्हापासूनची ओळख. मंडळाच्या विनोदी नाटकात सगळा हॉल पोट धरून हसत असला, की काका पुढच्या रांगेत बसून घड्याळ बघतात. भांडत नाहीत, रागावत नाहीत, कोणाचं वाईट चिंतत नाहीत. फक्त हसत नाहीत.

अशा माणसाच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूनं एका सकाळी बंद पुकारला. चहाचा घोट घेतला तो ओठांच्या कोपऱ्यातून शर्टावर आला. डोळा मिटेना, भुवई उचलेना. काकूंनी डोकं शाबूत ठेवून त्यांना तडक हॉस्पिटलात नेलं. झटका वगैरे नव्हता, चेहऱ्याच्या नसेला सूज होती. न्यूरॉलॉजिस्टनी गोळ्या दिल्या, डोळ्याची काळजी घ्यायला सांगितलं, बहुतेक लोकांचं सुधारतं, पण वेळ लागतो, म्हणाले. त्याच्या जोडीला सुयाही करून बघू, असं काकूंच्या मनात आलं आणि त्या त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या.

‘गोळ्या बंद करायच्या नाहीत,’ मी पहिल्यांदा तेच सांगितलं. नव्या पेशंटनं आणखी काही लक्षात नाही ठेवलं तरी चालेल, एवढं ठेवावं. माझ्या सुया डॉक्टरच्या जोडीला असतात, जागेवर नाही.

काका मास्क लावून आले होते. टोपी, मास्क, गॉगल. सॉल्ट लेकपासून बेहालापर्यंत एवढं लांब येण्याचं कारणही तेच. तिथं कोणी बघेल! ‘डॉक्टर, ही गोष्ट मंडळात कळता कामा नये.’ मला लहानपणापासून ‘ए मेधा’ म्हणणारा माणूस कॉटवर बसल्याबरोबर ‘डॉक्टर’ म्हणायला लागला.

मी नेहमीची तपासणी सुरू केली. भुवया वर करा. डोळे गच्च मिटा. गाल फुगवा. सगळं त्यांनी हुकूम आल्यासारखं केलं, जमेल तेवढं.

‘आता जरा हसून दाखवा, काका.’

काकांनी शर्टाची कॉलर नीट केली.

‘हसून दाखवा ना!’

‘कारण?’

‘कारण काही नाही. ओठाचा कोपरा किती उचलतो ते बघायचंय.’

‘कारणाशिवाय हसणं मला जमत नाही.’

खुर्चीतून काकू म्हणाल्या, ‘कारण असलं तरी जमत नाही.’

मी काकूंनाच विचारलं, आजारपणाआधी काका हसायचे तेव्हा चेहरा कसा दिसायचा? दोन्ही कोपरे सारखे उचलायचे का? काकूंनी बराच वेळ आठवून पाहिलं. ‘लग्नाच्या अल्बममध्ये बघून सांगते,’ म्हणाल्या.

पुढच्या खेपेला आल्या त्या खाली मान घालून. ‘अल्बममध्येही नाही गं!’

*

मी हसले खरी, पण त्यांच्या घरी ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. काकांची एकुलती एक मुलगी रेवा, तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा बंगाली, अनिर्बाण नाव, सेक्टर फाइव्हमध्ये तिच्याच ऑफिसात. लग्न तोंडावर आलेलं. त्याआधी ‘आशीर्वाद’ म्हणून त्यांच्यात एक समारंभ असतो. दोन्हीकडची वडील मंडळी एकत्र बसून मुलांना दूर्वा-धान्य वाहून आशीर्वाद देतात. सगळे आले. मुलीचे वडील आले नाहीत! ‘बाबांना ताप आहे,’ असं रेवानं सांगितलं, कारण खरं न सांगण्याची काकांनी शपथ घातली होती.

‘वाकड्या तोंडानं मी व्याह्यांसमोर उभा राहणार नाही,’ काका मला म्हणाले. ‘लग्नापर्यंत झालं सरळ तर ठीक. नाही तर कन्यादान माझा भाऊ करेल. मी वर खोलीत बसेन.’

काकूंनी पदर डोळ्याला लावला. लहानपणापासून जिच्या वेणीफणीत स्वतः लुडबुड केली त्या मुलीच्या लग्नात हा माणूस खोलीत बसणार! मला इतका राग आला की त्या दिवशी सुया थोड्या जोरातच टोचल्या असाव्यात.

मी मनाशी ठरवलं. भुवई हळूहळू हलायला लागली होती, डोळा मिटत आला होता. ओठ किती सुधारलाय ते हसल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि हा माणूस हसत नव्हता. मग मी त्यांना दर खेपेला एक किस्सा सांगायचं ठरवलं. चेहऱ्यात सुया घेऊन पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, ही केवढी सोय!

*

सुरुवात आपट्यांच्या आजींपासून केली.

आमच्या शास्त्रात जीभ बघतात. रंग, थर, ओल, त्यावरून बरंच कळतं. म्हणून नव्या पेशंटला मिताली फोनवर सांगते, ‘जीभ दाखवावी लागेल.’ आपट्यांच्या आजींना हे सांगितलं आणि त्या दुसऱ्या दिवशी आल्या. जीभ बाहेर काढली. मी बघतच राहिले! इतकी गुलाबी, इतकी लख्ख जीभ मी तान्ह्या बाळाचीही पाहिली नव्हती. थराचा मागमूस नाही.

‘आजी, काय केलंत?’

‘काही नाही गं. काल रात्री एकदा आणि आज सकाळी दोनदा, उलटणीनं चांगली खरवडली. वर मीठ-लिंबू चोळलं. लोकांना दाखवायची म्हटल्यावर नको का घासायला?’

मी थांबले. काकांच्या चेहऱ्यावरच्या सुया जराही हलल्या नाहीत.

‘चूक आजींची नाही,’ काका म्हणाले. ‘सूचना अपुरी होती. “जीभ आहे त्या स्थितीत आणावी” असं सांगायला हवं होतं.’

मितालीला मराठी येत नाही. पण मी भाषांतर करून सांगितल्यावर तिला ते इतकं पटलं, की ती फोनवर प्रत्येकाला तसंच सांगायला लागली. ‘जीभ जेमन आछे, तेमनि आनबेन.’ त्यामुळे आता लोक आम्हाला विचारतात, न आणून कसं चालेल?

*

मग उपासाचा किस्सा.

सुया रिकाम्या पोटी टोचून घेऊ नयेत. चक्कर येते. हे आम्ही कधी वेगळं सांगत नव्हतो, कारण बेहालामध्ये रिकाम्या पोटी घराबाहेर पडणारा माणूस मला अजून भेटायचा होता. मग आल्या एका बँक मॅनेजरच्या मिसेस. नवऱ्याची नुकतीच पुण्याहून बदली झालेली. सुई लागली आणि बाई पांढऱ्याफटक! मी सुया काढल्या, पाय वर केले, मिताली ग्लुकोज घेऊन धावली.

बाई शुद्धीवर आल्या, ग्लास बघितला आणि परत डोळे मिटून घेतले. ‘चंद्रोदय झाला का?’

संकष्टी होती! चंद्र निघेपर्यंत बाई ग्लुकोजला शिवायला तयार नाहीत. ग्लुकोज उपासाला चालतं का, हे विचारायला मी माझ्या सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘चालतं. पण त्यांना म्हणावं, बुद्धी गहाण ठेवणं उपासालासुद्धा चालत नाही!’

त्या दिवसापासून आम्ही सगळ्यांना बजावून सांगायला लागलो. खाऊन या! तर दुसऱ्याच दिवशी पाठदुखीचे एक गृहस्थ आले, घोष नावाचे. थेट लग्नघरातून. लुची, माशाचं कालवण, मटण, चटणी, पापड, दोन प्रकारचे रसगुल्ले. चेहऱ्यावर तृप्तीचं तेज. मी म्हटलं, ‘पालथे झोपा.’

घोषबाबूंनी प्रयत्न केला. मनापासून केला. पोटावर टेकले, की डोकं आणि पाय दोन्ही हवेत! असे डोलत डोलत मला म्हणाले, ‘डॉक्टर, तुम्हीच तर म्हणालात खाऊन या!’

काकांचा उजवा गाल किंचित थरथरला. मला आशा वाटली. पण ते फक्त विचार करत होते.

‘“हलकं खाऊन यावं” असा शब्द घाला,’ म्हणाले. ‘आणि “हलकं” म्हणजे काय ते बंगाली लोकांना वेगळं समजावून सांगा.’

*

फोर्ट विल्यमचे सुभेदारसाहेब मला वाटलं हमखास लागू पडतील. साताऱ्याकडचे, सहा फूट उंच, मिशा अशा की मिताली त्यांना बघून आपोआप उभी राहायची. खांदा आखडला होता. पण सुईला घाबरायचे. त्यांनी ते सरळ सांगितलं, मला आवडलं. ‘मॅडम, एक करा. तुम्ही ऑर्डर द्या. ऑर्डर आली की मला सगळं जमतं.’

मी म्हटलं, एवढंच ना! आवाज चढवला आणि ओरडले, ‘सावधान!’

साहेब सावधान झाले. इतके, की अंगातला प्रत्येक स्नायू दगड झाला. सुई गेली ती गेली, पण नंतर निघेना! खांद्यानं धरूनच ठेवली. स्नायू आवळला की असं होतं, म्हणून तर आम्ही पेशंटला अंग सैल सोडा म्हणून सांगतो. मी म्हटलं, साहेब, सैल सोडा. ते म्हणाले, ‘सोडलंय, मॅडम!’ आणि आणखी ताठ झाले. मी गोंजारलं, बाजूला चोळलं, काही उपयोग नाही. शेवटी मिताली पडद्याआडून आली, तिनं शाळेत एनसीसी केलं होतं. एक पाय आपटून ती खणखणीत आवाजात ओरडली, ‘विश्राम!’

सुई आपोआप हातात आली.

आणि पलीकडच्या कॉटवर निवृत्त हेडमास्तर होते, त्यांनी झोपल्या झोपल्या पाय फाकवले!

‘हेडमास्तरांना विश्राम लागू नव्हता,’ काका म्हणाले. ‘मितालीनं नाव घेऊन आज्ञा द्यायला हवी होती.’

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

*

दत्तबाबूंचा किस्सा तर माझ्या ठेवणीतला. बेहालाचेच, ट्रामच्या कंपनीतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य. डावा गुडघा दुखत होता. आमच्यात पुष्कळदा दुखऱ्या बाजूला न टोचता उलट बाजूला टोचतात. मी गडबडीत होते, समजावून सांगायचं राहिलं, आणि उजव्या पायाला सुया लावून दुसऱ्या पेशंटकडे गेले.

दत्तबाबू काही बोलले नाहीत. जाताना मितालीला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, ‘डॉक्टर दिदींचा डाव्या-उजव्याचा घोटाळा होतो. माणूस फार चांगला आहे, तुम्ही काही बोलू नका. पण लक्ष ठेवा.’

पुढच्या खेपेला, मला वाईट वाटू नये म्हणून, त्यांनी स्वतःच उजव्या पायाची विजार वर करून ठेवली. मीही टोचलं. असं बरेच दिवस चाललं. गुडघा सुधारला, दत्तबाबू बाजाराला चालत जायला लागले. आता सगळ्या मोहल्ल्यात सांगत फिरतात, ‘काय हात आहे! चुकीच्या पायात टोचून मला बरा केला. बरोबर पायात टोचलं असतं तर मी धावलो असतो!’

काकू खुर्चीत हसून हसून लाल झाल्या. मिताली बाहेर पळाली. मी काकांच्या ओठांवर डोळे लावून बसले.

‘दत्त सज्जन माणूस आहे,’ काका गंभीरपणे म्हणाले. ‘पण डॉक्टर, तुम्ही आधी सांगायला हवं होतं. आणि पेशंटनंही विचारायला हवं होतं. संकोच करू नये.’

‘संकोच करू नये?’ माझा तोल गेला. ‘हे तुम्ही सांगता, काका? तोंड वाकडं झालंय एवढं व्याह्यांना सांगायचा संकोच कोणाला वाटतोय?’

काकांनी डोळे मिटले. डावा डोळा आता पूर्ण मिटत होता, हे मला तेव्हासुद्धा दिसलं. पण सुया काढल्याबरोबर त्यांनी मास्क चढवला आणि निरोप न घेताच निघून गेले.

*

संध्याकाळी रेवाचा फोन आला. रडत होती. अनिर्बाणच्या घरी आजीचं चालतं, आणि आजीच्या मनात शंका शिरली होती. मुलीचा बाप आशीर्वादाला आला नाही, फोनवर बोलत नाही, फोटोत बघावं तर चेहरा असा. याला लग्न पसंत नाही!

‘मेधाताई, तू तरी बाबांना सांग ना!’

‘सांगितलं गं. आज ओरडून सांगितलं.’

‘मग तू ठाकुमांना सांग!’

ठाकुमा म्हणजे अनिर्बाणची आजी. तिचे गुडघे दुखत होते आणि रेवानंच तिला माझा नंबर दिला होता. पण पेशंटची गोष्ट मी दुसऱ्या पेशंटला कशी सांगू? आमच्या धंद्यात सुईआधी तोंड सांभाळायला शिकावं लागतं. मी रेवाला एवढंच म्हटलं, की आजींना बुधवारी दुपारची वेळ देते, त्या दिवशी बाबा येत नाहीत, म्हणजे निदान गाठ तरी पडायची नाही. आणि गुपित ते गुपित, म्हणून मितालीलाही बोलले नाही, की या आजी कोण.

माझं हे शहाणपण माझ्या अंगाशी आलं. ठाकुमांनी पंजिका उघडली. बंगाली पंचांग. बुधवारी नेमकी माझ्या वेळेलाच बारबेला निघाली. बारबेलेत शुभ काम सुरू करत नाहीत. सुया टोचून घेणं हे शुभ काम की अशुभ, हा प्रश्न मला पडला असता, ठाकुमांना पडला नाही. त्यांनी मितालीला फोन करून वेळ बदलून मागितली. मितालीच्या घरी पंजिकेपुढं कोणाचं चालत नाही. तिनं लगेच सोमवारची वेळ दिली.

सोमवारी मी काकांच्या चेहऱ्यावर सुया लावल्या. कपाळ, गाल, ओठाचा कोपरा, हनुवटी. मागच्या खेपेपासून आमच्यात अबोला होता, त्यामुळे किस्सा वगैरे नाही. काकू बाहेर खुर्चीत. पडदा ओढून मी शेजारच्या कॉटकडे वळले, तर पांढरं पातळ नेसलेल्या एक आजी पाय पसरून बसलेल्या.

‘तूच का रेवाची मेधाताई?’ आजी म्हणाल्या. कानानं कमी ऐकू येत असल्यामुळे त्या इतक्या मोठ्यानं बोलत होत्या, की समोरच्या औषधाच्या दुकानातही कळावं.

माझ्या हातातली सुई तिथंच थांबली. पलीकडे खाटेची कुरकुर झाली आणि थांबली.

‘आजी, आपण गुडघ्याचं बोलू,’ मी म्हटलं.

‘गुडघा कुठं पळून जातोय! तू मराठी आहेस, तू सांग. तुम्ही लोक हसत नाही का? आमचे बेयाईमशाय, हे होणारे व्याही, बघ. आशीर्वादाला आले नाहीत. ताप म्हणे! एवढे दिवस ताप? आम्ही मासे खातो म्हणून असेल. की मुलगा पसंत नाही?’

मी एका गुडघ्याला सुया लावल्या. आजींना त्या लागल्याचं कळलंसुद्धा नाही.

‘हे बघ, रेवा सोन्यासारखी मुलगी आहे,’ आजींचा आवाज एकदम खाली आला. ‘मला ती हवी आहे. पण बापाचं मन मोडून मी कोणाची मुलगी घरात आणणार नाही. माझ्या बापाच्या मनाविरुद्ध माझं लग्न झालं, तो पुन्हा कधी माझ्या दारात आला नाही. ते दुःख मला माहीत आहे. आज संध्याकाळी मी मुलाला सांगणार आहे, लग्न थांबव.’

एका पडद्याचं अंतर! बाजूला केला की संपलं, आणि तो बाजूला करायचा अधिकार मला नाही.

खाट पुन्हा कुरकुरली. सुया असताना उठायचं नाही, हा आमचा नियम मी कितीदा सांगितला असेल. जन्मात एकही नियम न मोडलेल्या माणसानं तो मोडला. पडदा सरकला.

काका उभे होते. मास्क नाही, टोपी नाही, गॉगल नाही. चेहरा साळिंदरासारखा सुयांनी भरलेला, डाव्या डोळ्यातून पाणी. त्यांनी हात जोडले आणि सरकारी फायलींवर इतकी वर्षं शिकलेल्या बंगालीत बोलायला लागले.

‘नमस्कार. मी रेवाचा बाप. एक, मला ताप नव्हता. दोन, मासे खाण्याला माझी हरकत नाही. तीन, मुलगा मला अत्यंत पसंत आहे. चार, माझं तोंड वाकडं झालं आहे, लाज वाटली म्हणून आलो नाही. चूक माझी आहे. लग्न थांबवू नका.’

आजींनी चष्मा वर सरकवला. काकांना खालपासून वरपर्यंत बघितलं. कपाळावरची सुई बघितली, हनुवटीवरची बघितली.

‘एवढंच?’ आजी ओरडल्या. ‘अरे माझ्या देवा, तोंड वाकडं, एवढंच? आमच्या यजमानांचं तोंड जन्मभर सरळ होतं. मला सांगा, काय उपयोग झाला?’

आधी काकांच्या नाकातून एक आवाज आला. मग खांदे हलायला लागले. कपाळावरची सुई डुलली, गालावरची निसटून खाली पडली, आणि काका हसले! मोठ्यानं, तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी वाहीपर्यंत. मी वाकून बघितलं. उजवा कोपरा वर गेला होता. आणि डावा, थोडा मागं राहून, पण वर गेला होता! कधी सुधारला कोण जाणे. न्यूरॉलॉजिस्ट म्हणतील गोळ्यांनी, मी म्हणेन सुयांनी, आमचं भांडण नाही. मला रडूच आलं. आजी गुडघ्यात सुया घेऊन हसतायत, काका कॉटचा दांडा धरून हसतायत आणि मिताली जमिनीवरच्या सुया शोधत हसतेय.

तो आवाज ऐकून काकू बाहेरून धावत आल्या. पडद्याशीच थबकल्या. इतक्या वर्षांच्या नवऱ्याकडे त्यांनी डोळे फाडून बघितलं, माझं कोपर घट्ट धरलं आणि कानाशी लागून घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या,

‘मेधा, अगं, जास्त तर नाही ना टोचलंस?’